नळ पिंपाला, पिंप गाडीला

आषाढीच्या आधी दिंडीचा ट्रक कसा भरतात हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. टपावर राहुट्यांचे बांबू आणि ताडपत्र्या, हौद्यात शिधा, पातेली, गॅसच्या शेगड्या आणि केबिनच्या मागे दोरांनी आवळलेली पाण्याची काळी टाकी. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पलंग, ओटा आणि न्हाणीघर असलेल्या गाड्यांची चर्चा झाली. पण चाकांवरचा संसार इथे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मुक्ताईंची पालखी मुक्ताईनगरहून बुलढाणा, जालना जिल्ह्यांतून पंढरपूरला जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतताना जालना, सिंदखेडराजा, लोणार असा मार्ग धरते. त्यांच्यासोबतच्या गाड्या आणि भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन अजिंठा-लोणार बघायला निघालेलं कुटुंब, दोघांपुढे मुक्कामी पोचल्यावर एकच काम असतं: गावचं पाणी गाडीत घेणं.

पूर्णा आणि केळना यांच्या संगमावरचं, जालना जिल्ह्यातलं जाफराबाद अशा अनेक वाटांच्या मधोमध आहे. राजूरचा गणपती, जाळीचा देव, सैलानी, सिंदखेडराजा ही सगळी गर्दीची ठिकाणं याच टापूत येतात. कुणी नातेवाइकाच्या अंगणात गाडी लावतं, कुणी मंगल कार्यालयाच्या आवारात, कुणी शाळेच्या मैदानावर. तिथे नळ असतो, पाइप असतो, आणि तो पाइप सरळ गाडीच्या टाकीत सोडला जातो. नेमकं हेच टाळायला हवं. नळ पिंपाला जोडावा आणि पिंप गाडीला. ही एक गोष्ट पाळली तर पाण्याच्या निम्म्याहून जास्त अडचणी उद्भवतच नाहीत.

युरोप-अमेरिकेतल्या अनेक कॅरॅव्हॅन तळांवर गाडीच्या जागेपाशीच नळ असतो आणि त्याला चोवीस तास दाबाने पाणी असतं. तिथला माणूस दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून पाइप गाडीला जोडतो आणि निघेपर्यंत तसाच ठेवतो. गाडीसोबत मिळणारी माहितीपुस्तिका बहुधा हीच पद्धत गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्याकडे पाणी पाळीने येतं. मुख्य पाइपात दिवसातून तासभर किंवा काही दिवसांआड पाणी असतं, एरवी तो रिकामा असतो. पाणी बंद झालं की उताराकडच्या भागातलं पाणी ओसरताना पाइपात पोकळी तयार होते. मग जोड सैल असेल, कुठे तडा असेल, तिथून आजूबाजूच्या गटाराचं, साचलेल्या डबक्याचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला पहिल्यांदा जे पाणी येतं, त्यात हे सगळं असतं. हुबळी-धारवाडमध्ये एकाच शहरातल्या चोवीस तास आणि पाळीने होणाऱ्या पुरवठ्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीच्या पाण्यात दूषितपणा जास्त आढळला. तिथल्याच पुढच्या अभ्यासात पाणी सुटतानाचा पहिला लोंढा आणि कमी दाबाची वेळ विशेष धोक्याची निघाली.

म्हणून नळ सुटल्यावर पहिली काही मिनिटं पाणी पिंपात घेऊ नये. ते भांडी विसळायला, गाडीची चाकं धुवायला, झाडांना वापरावं. काचेच्या ग्लासात पाणी धरून उजेडात बघावं. गढूळपणा गेला, गाळ खाली बसत नाही असं दिसलं की मगच भरायला लावावं.

पाइपातली पोकळी उलट्या बाजूनेही काम करते. टाकीत पाइप बुडालेला असेल आणि तेवढ्यात पाणी गेलं, तर टाकीतलं पाणी गावच्या पाइपात परत खेचलं जातं. गाडीच्या टाकीत शेवाळ असेल, किंवा कुणी बादलीत साबणाचे कपडे भिजवून त्यातच पाइप सोडला असेल, तर ते शेजारच्या घरातल्या माठात पोचू शकतं. त्यावरचा साधा उपाय म्हणजे पाइपाचं तोंड आणि पाण्याची पातळी यांच्यात मोकळी हवा ठेवणं. नियम असा की हे अंतर पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावं. अर्ध्या इंची पाइपाला दोन इंच ठेवलं की पुरेसं होतं. जोडीला नळापाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवावा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो. मात्र एनआरव्हीत कचरा अडकला की तो पूर्ण मिटत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबून हवेचं अंतर सोडू नये.

आता प्रत्यक्ष मांडणी. चार माणसांच्या कॅरॅव्हॅनला झाकणाचं पन्नास-साठ लिटरचं खाद्यपदार्थांसाठीचं पिंप पुरतं. दिंडीला जमिनीवर ठेवायची पाचशे लिटरची टाकी लागेल. रसायनाचं रिकामं निळं पिंप स्वस्तात मिळतं, ते कितीही धुतलं तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. प्लास्टिकमध्ये मुरलेला अंश निघत नाही. पिंपाच्या वरच्या कडेला भोक पाडून त्यात फ्लोट व्हॉल्व्ह बसवावा, तोच जो घराच्या गच्चीवरच्या टाकीत असतो. पाणी वर आलं की गोळा वर तरंगतो आणि पुरवठा बंद होतो. फ्लोटचं पाणी सोडणारं तोंड वर आणि ओव्हरफ्लोचं भोक त्याच्या दोन इंच खाली, असं असलं तर फ्लोट बिघडला तरी पाणी तोंडापर्यंत चढत नाही आणि हवेचं अंतर आपोआप राहतं. ओव्हरफ्लोला बारीक जाळी लावावी. तेवढ्या भोकातून डास आत जातो, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

पिंपातून गाडीत पाणी नेतो तो गाडीचा स्वतःचा पंप. बहुतेक कॅरॅव्हॅनमध्ये तो १२ व्होल्टवर चालतो. काहींत पंप पिंपात बुडवायचा असतो, काहींत तो गाडीत असतो आणि बाहेर फक्त ओढायचा पाइप येतो. दोन्ही प्रकारांत ओढणारं तोंड तळापासून चार बोटं वर राहील असं बांधावं, म्हणजे तळाचा गाळ वर येत नाही. या मांडणीत गावच्या पाइपाचा आणि गाडीच्या नळांचा थेट संबंध कुठेच येत नाही. नळ गेला तरी पिंप पुरतं, नळाला दाब कमी-जास्त झाला तरी गाडीच्या आतल्या जोडांवर ताण येत नाही.

दाबाचं गणित एकदा समजलं की भीती राहत नाही. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. गावचा जलकुंभ बारा मीटरच्या खांबांवर असेल तर पायथ्याशी एक बारपेक्षा थोडा जास्त दाब मिळतो, आणि दूरच्या गल्लीत पोचेपर्यंत तो आणखी उतरतो. म्हणजे गावच्या नळाने गाडीचे पाइप फुटण्याची शक्यता कमीच. धोका शेतातल्या बोअरचा. पाणी साठ मीटर चढवण्याची ताकद असलेला सबमर्सिबल पंप, बोअरमध्ये पातळी वीस मीटरवर असेल, तर जमिनीवर चार बारच्या आसपास दाब देतो, आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद झाला की दाब आणखी वाढतो. कॅरॅव्हॅनमधले प्लास्टिकचे जोड आणि गिझर एवढा दाब सोसतीलच असं नाही. किती चालतो तो आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघावा. शिवाय स्वस्तातला फ्लोट एवढ्या दाबापुढे नीट मिटतही नाही. शेतावर मुक्काम असेल तर बोअरचं पाणी आधी तिथल्या हौदात किंवा टाकीत सोडावं आणि तिथून उताराने पिंपात घ्यावं.

गावच्या नळाला दाब नाही म्हणून पाइपाला मोटार लावणं हा मोह सगळ्यात वाईट. मोटार लावली की गावच्या पाइपात पोकळी आपणच तयार करतो आणि गटाराचं पाणी ओढायला मदत करतो. शेजारच्या घरचं पाणी बंद होतं ते वेगळंच. नळाला थेट मोटार लावणं नियमबाह्य आहे, आणि पालिका, नगरपंचायती अशा मोटारी जप्त करतात. पाहुणा म्हणून आलेल्या गाडीने तर हे कधीच करू नये.

जोडांच्या बाबतीत थोडी तयारी घरूनच करावी. आपल्याकडच्या बाहेरच्या नळांना बहुधा अर्ध्या इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे असतात, पण कितीतरी नळांच्या तोंडाला आटेच नसतात, नुसती गुळगुळीत तोटी. म्हणून अर्धा आणि पाऊण इंची दोन्ही आट्यांचे नोझल, गुळगुळीत तोटीवर आवळायची रबरी कॉलर, स्क्रूने आवळायच्या चार-सहा स्टीलच्या क्लिपा, टेफ्लॉन टेप आणि जादा वॉशर एका डब्यात ठेवावेत. परदेशातून आणलेल्या गाडीला किंवा सामानाला अमेरिकी बागेच्या नळीचे आटे असू शकतात. ते बीएसपीत अर्धा फेरा बसल्यासारखे वाटतात आणि दाब आला की निसटतात, तिथे बळजबरी न करता ॲडॉप्टरच घ्यावा. टेप गुंडाळताना आट्यांच्या दिशेने, उजवीकडे गुंडाळावी, नाहीतर आवळताना ती उलगडून बाहेर येते.

पाइप कोणता, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. बागेचा हिरवा पाइप उन्हात तापला की पाण्याला प्लास्टिकचा वास येतो. जाफराबादला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि जमिनीवर पडलेल्या पाइपातलं पाणी तर हात लावू न देण्याइतकं तापतं. पिण्याच्या पाण्यासाठी फूड-ग्रेड असं छापलेला, आत जाळी असलेला पाइप घ्यावा, तो शक्य तितका आखूड ठेवावा आणि सावलीतून न्यावा. संडास धुण्याचा, चाकं धुण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा असावा, आणि तो पिण्याच्या नळाला कधीच लागू नये. घाईच्या मुक्कामात सगळ्यात जास्त चूक इथेच होते: एकच पाइप, सकाळी टाकीत आणि दुपारी संडासात.

पाणी भरलं की क्लोरिनचं बघावं. नळाचं पाणी गावातून निघताना क्लोरिन घातलेलं असलं तरी तुमच्या पिंपात पोचेपर्यंत ते उरतंच असं नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवं. ग्रामपंचायतीचा कर्मचारी किंवा आरोग्यसेवक ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतो, पाण्याचा रंग पिवळसर झाला की क्लोरिन आहे. तुमच्या पिंपातलं पाणीही त्यांना दाखवता येतं. क्लोरिन नसेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालावं. हजार लिटरला पाच ग्रॅम हे गावोगाव वापरलं जाणारं प्रमाण. पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरिनची असेल तर त्यातून लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडं जास्त क्लोरिन मिळतं. डबा उघडा राहून जुनी झाली असेल तर त्याच्या बरंच खाली येतं.

पन्नास लिटरच्या पिंपाला मात्र पाव ग्रॅम मोजायचं कसं? त्याची सोपी युक्ती अशी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाच ग्रॅम पावडर मोजून ती एक लिटर पाण्यात ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचं नितळ पाणी वापरावं. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्याला पुरतो. पन्नास लिटरच्या पिंपाला पन्नास मिलिलिटर, दोनशे लिटरला दोनशे. औषधाच्या बाटलीच्या टोपणानेही मोजता येतं. द्रावण त्या दिवशीच संपवावं, आणि घातल्यावर निदान अर्धा तास ते पाणी कुणी पिऊ नये. वारीच्या दिवसांत पाणी गढूळ येतं. गढुळात क्लोरिन नीट काम करत नाही, त्यामुळे आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचं पाणी चारपदरी फडक्यातून गाळावं आणि मग टीसीएल घालावं. लहान बाळासाठी आणि आजारी माणसासाठी तरीही उकळून घ्यावं.

टीडीएस मीटरबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. खिशातला मीटर पाण्यात बुडवला, आकडा दीडशे आला, म्हणून पाणी चांगलं असं लोक समजतात. मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. पटकीचे, काविळीचे जंतू त्याला दिसत नाहीत. आकडा कमी असलेलं पाणीही दूषित असू शकतं. जंतूंच्या प्राथमिक तपासणीसाठी हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर दूषित समजायचं. दिंडीच्या व्यवस्थापकाने पुढच्या मुक्कामांच्या गावांत आठवडाभर आधी माणूस पाठवून ही तपासणी करून घेतली तर ऐनवेळी धावपळ होत नाही. मीटर मात्र दुसऱ्या कामाला उपयोगी आहे. बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, आणि गाडीच्या छोट्या गिझरमध्ये त्याचा पांढरा थर लवकर बसतो. मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. आकडा मोठा आला तर ते पाणी गिझरमध्ये न नेता बाहेरच वापरावं.

गावचं पाणी घेण्याची एक रीतही आहे, आणि ती तंत्राइतकीच महत्त्वाची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातल्या सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं इथल्या बायाबापड्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. खेड्यांत घरोघरी नळाने पाणी देण्यासाठीचं जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं, त्याचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर. दिंडीची हजार लिटरची टाकी भरली म्हणजे अठरा माणसांचा दिवसाचा वाटा गेला. त्यामुळे आधी वॉलमनला भेटावं. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सुटतं, टाकी भरायला कोणती वेळ बरी, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. जाफराबाद शहरात नगरपंचायतीकडे, खेड्यात ग्रामपंचायतीकडे रीतसर विचारावं, पैसे द्यायचे असतील तर पावती घ्यावी. सार्वजनिक नळकोंडाळ्यावर घागरी लागल्या असतील तर आपला पाइप शेवटी. एका बादलीवरून अंदाज घेता येतो: पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर हजार लिटरला शंभर मिनिटं लागतील. पाणी तासभरच असेल तर टाकी भरण्याचा हट्ट न धरता टँकर सांगितलेला बरा.

वजनाकडेही लक्ष हवं. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि तो गाडीच्या परवानगीच्या वजनात धरावाच लागतो. अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते आणि गाडी एका बाजूला ओढते. अजिंठ्याचा घाट उतरताना तर हे जास्तच जाणवतं. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, टपावर कधीच नसावी, आणि दोराऐवजी पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडलेली असावी. कॅरॅव्हॅनवाल्यांनी वाटेत पिण्यापुरतं पाणी वेगळं ठेवावं आणि टाकी मुक्कामी भरावी.

वापरलेलं पाणी कुठे सोडता यावरही गाव तुम्हाला पुन्हा येऊ देईल की नाही ते ठरतं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी बादलीत धरून शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात टाकावं. विहीर, हातपंप, नदीकाठ यांच्या जवळ ते सोडू नये, आणि संडासाच्या टाकीतला मैला तर सेप्टिक टँकमध्येच गेला पाहिजे.

हंगामाच्या सुरुवातीला आणि गाडी बराच काळ उभी राहिल्यावर आतली सगळी पाणीव्यवस्था एकदा कडक क्लोरिनने धुवावी. आधी फिल्टरची नळकांडी काढून ठेवावीत. शंभर लिटरच्या टाकीला पंधरा ग्रॅम टीसीएलचं नितळ द्रावण किंवा पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे १०० मिलिलिटर घालावेत, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडावा आणि चार तास तसंच ठेवावं. मग टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवावी. या कामात खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि संडास साफ करायचं ॲसिड जवळपासही आणू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

परत आल्यावर पिंप उपडं घालून वाळवावं, पंप कोरडा करावा. पाइप उताराला धरून त्यातलं पाणी पूर्ण काढावं, दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवून बंद करावीत, म्हणजे आत मुंग्या, पाली, धूळ जात नाही, आणि तो सावलीत टांगून ठेवावा. पुढच्या वेळी पहिलं पाणी याच पाइपातून जाणार असल्यामुळे, वापरायच्या आधी त्यातून दोन-तीन बादल्या पाणी वाहू द्यावं.